तीन ठिपक्यांची बंदूक

फुटलेली वस्तू टेबलावर ठेवता ठेवताच आणणारा विचारतो, "चूक कोणाची?" धातू तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत या एका प्रश्नावर तिने एकतीस वर्षं पोट भरलं होतं. क्रेनचे तुटलेले हूक, चिरलेले बॉयलर, बसच्या मोडलेल्या कमानपट्ट्या. एकदा तर एक नवरा बायकोचा फुटलेला कुकर घेऊन आला होता आणि चूक बायकोचीच निघावी अशी त्याची फार इच्छा होती. निघाली नाही, झडप कारखान्यातच उलटी बसली होती. बिचारा हिरमुसून घरी गेला.

पोलाद खोटं बोलत नाही, असं ती पूर्वी नव्या लोकांना सांगायची. हल्ली सांगत नसे. पोलाद खरं बोलून मोकळं होतं आणि पुढचं सगळं माणसांना निस्तरावं लागतं. निवृत्तीला अकरा महिने उरलेल्या बाईला निस्तरण्याचा कंटाळा येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्या सोमवारी आली ती एक शॉटगन होती. नेमबाजी क्लबच्या प्रशिक्षकाची. आठ दिवसांपूर्वी शिष्यांना पवित्रा दाखवताना ती त्याच्या हातात फुटली होती. त्याचा उजवा डोळा गेला आणि उजवा अंगठाही. बंदुकीबरोबर ती बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला होता, कडक इस्त्रीचा शर्ट आणि हातात फाइल.

"मॅडम, यात तपासण्यासारखं तसं काही नाही," तो खुर्चीवर टेकत म्हणाला. "हे गृहस्थ काडतुसं घरी भरतात. दारू जास्त ठासली असणार. तेवढं लिहून दिलंत की आमचं काम झालं."

"तुम्हाला इतकं कळतं तर माझ्याकडे कशाला आणली?" ती म्हणाली.

तो हसला. ती हसली नाही. बंदूक ठेवून घेतली आणि त्याला वाटेला लावलं.

नळीच्या मागे, काडतूस जिथे बसतं त्याच्याभोवतीचा पोलादी सांगाडा म्हणजे रिसीव्हर. बार उडाला की छर्रे पुढे जातात आणि तितकाच धक्का मागे येतो. तो धक्का हा सांगाडा निमूटपणे पोटात घालतो, म्हणून नेमबाज संध्याकाळी दोन डोळ्यांनिशी घरी जेवायला येतो. या बंदुकीचा सांगाडा उजव्या अंगाने फाटला होता, काडतुसामागे दार बंद करणाऱ्या बोल्टचं कुलूप ज्या खाचेत अडकतं त्या खाचेच्या कोपऱ्यापासून थेट वरपर्यंत.

तिने आधी कंपनीवाल्याचं म्हणणं तपासलं. दारू जास्त झाली असती तर काडतुसाचं पितळी बूड पसरलं असतं आणि नळीचं मागचं तोंड फुगलं असतं. बूड जसंच्या तसं होतं, नळी सरळ. प्रशिक्षकाने मापात भरलं होतं. मग कटिंगवाल्याकडून सांगाड्याचा तुकडा कापून घेतला. पोलाद हवं तेच होतं. कडकपणा तीन जागी मोजला, तिन्ही आकडे ठीक. म्हणजे भट्टीत तापवून पोलादाला पाणीही नीट दिलेलं होतं. चांगल्या पोलादाची, चांगलं पाणी दिलेली, बरोबर काडतूस घातलेली बंदूक फुटली होती. अशा वेळी तिला डोकं दुखायला लागल्यासारखं व्हायचं, कारण आता कारण शोधणं आलं.

दुपारी तिने फाटलेलं तोंड सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. बराचसा भाग राखाडी आणि ताजा होता. पण खाचेच्या कोपऱ्याशी नखाएवढा एक डाग काळा होता, गुळगुळीत काळा. त्या डागाच्या पुढे बारीक वळ्या होत्या, तळ्याचं पाणी ओसरताना काठाला रेघा राहतात तशा. प्रत्येक बाराला भेग केसाएवढी पुढे सरकत गेली होती. वर्षानुवर्षं. आणि एका सकाळी उरलेल्या पोलादाने हात टेकले.

वळ्या समजण्यासारख्या होत्या. प्रश्न काळ्या डागाचा होता, आणि तो तिला इतक्या लवकर सुटला की तिला स्वतःचाच राग आला. बंदुकीच्या कारखान्यात आधी पोलादाला पाणी देतात, मग घासतात, मग कस लावतात, म्हणजे नेहमीच्या दीडपट जोराचं काडतूस घालून एक बार काढून बघतात. त्यात टिकली की मगच बंदूक ब्लॅकनिंगच्या उकळत्या टाकीत बुडवतात आणि तिला तो काळा रंग चढतो. भेगेच्या आत काळा रंग होता. म्हणजे टाकीत जाण्यापूर्वीच भेग पडलेली होती. पाणी देताना पडली असती तर आत जळका तपकिरी थर असता; तो नव्हता. भेग पडली ती कस लावतानाच.

हा सगळा क्रम तिला पुस्तकातून ठाऊक नव्हता. तीस वर्षं रविवारच्या जेवणात तो तिने ऐकला होता. त्या कारखान्यात कस लावणारा माणूस तिचा थोरला भाऊ होता.

तिने सांगाडा उलटा केला. चापाच्या वर, जिथे कसाचा शिक्का असतो तिथे, शिक्क्याशेजारी तीन बारीक ठिपके होते.

आता या ठिपक्यांची गोष्ट सांगायला हवी. नियम एका बाराचा होता. दादा तीन काढायचा. एकदा टिकली ती नशिबाने टिकली असेल, दुसऱ्यांदाही असेल, तिसऱ्यांदा टिकली तर खरी, असं त्याचं शास्त्र. दर बाराला एक ठिपका ठोकायची कारखान्याची पद्धतच होती. सुरुवातीला कारखान्यात सगळे हसले, त्याचं नावच 'तीनबार' पडलं. मग दुकानदारांच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक ठिपके मोजून बंदूक घेतं, तेव्हा हसणं बंद झालं आणि मालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. तो फोटो दादाच्या बैठकीत होता. दादाने डोळ्यात तेल घालून काम केलं, एक दिवस अंगचोरी केली नाही. बारांच्या आवाजाने दोन्ही कान गेले तरी तक्रार केली नाही. सात वर्षांपूर्वी निवृत्त झाला तेव्हा एकच वाक्य बोलला होता: "माझ्या हाताखालून गेलेली एकही बंदूक परत आली नाही."

आली, दादा, ती मनात म्हणाली. माझ्याच टेबलावर आली.

मंगळवारी ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब तिच्याहून नऊ वर्षांनी लहान होते आणि तिच्याहून दमलेले दिसायचे.

"हे काम दुसऱ्या कोणाला द्या," ती म्हणाली. "कस लावणारा माझा सख्खा भाऊ आहे."

"दुसरं कोण आहे? तुमच्या हाताखालची जागा चार वर्षं रिकामी आहे." साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्ही तपासा, नात्याचं मी वर लेखी कळवतो. पण नक्की तीन बारांमुळेच झालं का? आणखी काही नाही सापडलं?"

"खाचेचा कोपरा. जरा गोल हवा, तो धारदार कापलाय. हत्यार बोथट झालं असेल त्या वर्षी."

"मग झालं की!" साहेब सरळ बसले. "कोपरा धारदार, भेग कोपऱ्यातून. कंपनीची चूक. त्या वर्षीच्या बंदुका परत मागवतील. बार एक की तीन, कशाला लिहायचं? अहवालात खोटं काहीच नाही."

"नाही. खोटं काहीच नाही," ती म्हणाली आणि बाहेर आली. पण कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला कळत होतं. तिने क्लबला फोन केला आणि त्याच कंपनीच्या आणखी दोन बंदुका मागवल्या.

पहिली फुटलेल्या बंदुकीच्याच वर्षातली होती, कोपरा तसाच धारदार. पण शिक्क्याशेजारी एकच ठिपका. त्या वर्षी दादाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि महिनाभर कोणीतरी बदली माणूस नियमापुरता एकच बार काढत होता. दुसरी चार वर्षं आधीची. कोपरा छान गोल. ठिपके तीन.

तिने दोन्ही सांगाड्यांना लाल रंग लावला, पुसून घेतला आणि वर पांढरी पूड फवारली. भेग असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पुडीतून वर येतो. एका ठिपक्याच्या बंदुकीवर पूड पांढरीच राहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. तीन ठिपक्यांच्या बंदुकीवर पाचव्या मिनिटाला कोपऱ्याशी एक लाल रेघ उमटली, कागदाने बोट कापल्यावर येते तेवढी.

"मॅडम, ही पण?" कटिंगवाला मागून म्हणाला.

"ही पण."

म्हणजे धारदार कोपऱ्याने भेग लवकर वाढली एवढंच. गोल कोपऱ्यात ती उशिरा वाढणार होती. नुसता कोपरा लिहिला तर त्या एका वर्षीच्या चारशे बंदुका परत येणार आणि बाकी तीन ठिपकेवाल्या हजारो लोकांच्या गालाला लागून राहणार. तीन बार लिहिले तर दादाचं नाव मातीत जाणार. नाव गेल्याचं दुःख माणूस कसंबसं पचवतो. पण दादाकडे त्या नावाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. कान नव्हते, गुडघे नव्हते, मुलगा परदेशातून वर्षाला एकदा फोन करायचा. आपण आयुष्यभर लोकांना जपलं एवढ्यावर तो रोज सकाळी उठत होता.

बुधवारी तिने दोन अहवाल टाइप केले, एक कोपऱ्याचा आणि एक तीन बारांचा. हातून असं कधी झालं नव्हतं. दोन्ही पर्समध्ये घातले आणि गुरुवारी दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दादाकडे गेली.

वहिनीने दार उघडलं. "आज कशी काय वाट चुकलीस? रविवार तर नाही."

"काम होतं दादाकडे."

"बोल बाई. पण कानाचं मशीन बिघडलंय त्याचं, ओरडून बोल."

ही एक नवीनच पंचाईत. जी गोष्ट दाराआड, हलक्या आवाजात सांगायची ती आता चार घरांना ऐकू जाईल अशी सांगावी लागणार होती. दादा खिडकीशी बसून घड्याळाचा पट्टा दुरुस्त करत होता. तिला बघून त्याचं तोंड फुललं.

"चिमे! ये, ये. काय फुटलं आज?"

हा त्याचा नेहमीचा विनोद होता. ती त्याच्यासमोर बसली, "दादा" म्हणून ओरडली. मग तिने काळ्या डागाचा फोटो काढून त्याच्या हातात दिला.

दादाने फोटो उजेडात धरला, जवळ घेतला, लांब नेला. कारागीर माणूस, त्याला समजवावं लागलं नाही. "टाकीच्या आधीची भेग आहे ही," तो म्हणाला. "पाणी देताना गेलीय. त्या भट्टीवाल्याला मी कितीदा सांगितलं होतं."

"तपकिरी थर नाही!" ती ओरडली.

वहिनीने उठून खिडकी लावून घेतली.

दादाने पुन्हा फोटो पाहिला. मग तिच्याकडे. "पेपरात आलेल्या त्या प्रशिक्षकाची बंदूक!" असं ओरडून तिने दुसरा फोटो दिला, शिक्क्याचा. तीन ठिपके त्यात ठसठशीत आले होते.

"कितव्या बाराला?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही!"

"पहिल्याला?"

तिने मान नकारार्थी हलवली. "एका बाराची बघितली मी, तुझ्या ऑपरेशनच्या वेळची. कोरी आहे! तीनची दुसरी बघितली. तिच्यातही भेग!"

ओरडून सांगितलेल्या वाक्यात मऊपणा कुठून आणणार? प्रत्येक शब्द हातोडीसारखा पडत होता. सोनाराने कान टोचावे म्हणतात, पण तिला वाटलं, सोनाराचाही हात कापत असेल कधी.

"पण तूच सांगितलं होतंस ना," दादा म्हणाला.

"काय?"

"कॉलेजात होतीस. पोलादाचा कडकपणा मोजायला शिकवलं होतं तुम्हाला. जेवताना मोठ्या तोऱ्यात म्हणालीस, 'एका आकड्यावर कधी विसंबू नये दादा, तीनदा घ्यावं.' मी तेव्हा नुकताच कसावर लागलो होतो. म्हटलं, आपली चिमी शिकतेय, तिचं ऐकावं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. होतं ते कौतुकच, अडतीस वर्षांचं जुनं.

तिला ते जेवण आठवेना. तोरा मात्र आठवला. कडकपणा तीनदा मोजायचा कारण मोजण्याने पोलादाचं काही जात नाही. दीडपट जोराच्या बाराने जातं. पहिल्या बाराला पोलाद पास होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्याला पास होता होता जखमी होतं. हे तिला एकोणिसाव्या वर्षी कळत नव्हतं, ठीक आहे. पण पुढे? पोलाद कशाने थकतं यावर तिने प्रबंध लिहिला, परिषदांत बोलली, आणि दर रविवारी दादाच्या पंगतीला बसून 'तीन बार काढतो मी' हे हसत हसत ऐकलं. एकदाही तिच्या डोक्यात आलं नाही की अरे, हे चुकतंय. ते ऑफिसातलं पोलाद होतं आणि हा आपला दादा होता. तिला रडू फुटलं नाही. तिला फक्त फार थकल्यासारखं वाटलं, इथेच जमिनीवर आडवं व्हावं इतकं.

वहिनी चहा घेऊन आली. कोणी घेतला नाही.

"दुसरा अहवालही आहे," ती ओरडली. "खाचेचा कोपरा धारदार होता, नुसता त्याचा! साहेब म्हणतात तो चालेल! तुझं नाव येणार नाही!"

दादाने घड्याळ उचललं आणि पट्ट्याचा टाका शोधायला लागला. सुई कुठेच जाईना.

"मग कोपराच लिही," तो खाली बघत म्हणाला.

तिला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटल्याची लाजही वाटली, पण आधी सुटल्यासारखं वाटलं हे खरं आहे. शुक्रवारी सकाळी तिने तीन बारांचा अहवाल टेबलाच्या खणात टाकला, कोपऱ्याचा पर्समध्ये ठेवला आणि साहेबांची वाट बघत बसली. तेवढ्यात फोन वाजला.

दादा होता. दादा कधी फोन करत नसे, कारण पलीकडचं त्याला ऐकूच यायचं नाही. तो तिच्या 'हॅलो'ची वाट न बघता बोलायला लागला.

"चिमे, मी हॉस्पिटलच्या दारात आहे. त्या प्रशिक्षकाच्या. पेपरात नाव आलं होतं हॉस्पिटलचं. तू ये. मी बोलेन त्याच्याशी, पण तो काय बोलतो ते मला ऐकू येणार नाही. तू ऐकून सांग." आणि फोन बंद.

ती पर्स उचलून तशीच निघाली.

प्रशिक्षक आठ खाटांच्या वॉर्डात खिडकीशी होता. अर्ध्या तोंडावर पट्टी, उजवा हात कापसाच्या गोळ्यात. पन्नाशीचा, कमावलेल्या खांद्यांचा माणूस. ती पोचली तेव्हा दादा खाटेशेजारच्या स्टुलावर अंग चोरून बसला होता आणि प्रशिक्षक या अनोळखी म्हाताऱ्याकडे एका डोळ्याने बघत होता.

"हे कोण?" त्याने तिला विचारलं.

"माझे थोरले भाऊ. आणि तुमची बंदूक मी तपासतेय."

तो ताडकन उठायला गेला, मग उशीवर पडला. आवाज अगदी खाली गेला. "मग? मीच जास्त भरली होती का? सगळे तेच म्हणतात. मी रोज ती काडतुसं मनात पुन्हा भरतो. आता मलाही वाटायला लागलंय की चुकलंच माझं."

"नाही चुकलं. काडतूस बरोबर होतं."

त्याने उरलेला डोळा मिटला. दादाने तिची बाही ओढली. "काय म्हणाला?"

तिने दादाच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. वॉर्डातली सात माणसं वळून बघायला लागली. दादाने मान डोलावली आणि बहिऱ्या माणसाच्या वरच्या पट्टीत बोलायला सुरुवात केली.

"कारखान्यात कस मी लावायचो. तुमच्या बंदुकीवरचे ठिपके माझे आहेत. एकाच बाराचा नियम होता. मी तीन काढले, सगळ्यांनाच काढायचो. त्यातच ती आतून चिरली. मला वाटायचं मी चांगलं करतोय." तो थांबला. पुढचं त्याने रात्रभर पाठ केलं असावं, पण ते काही त्याला आठवलं नाही. "एवढंच आहे," तो म्हणाला.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाने रेडिओ बंद केला. मग प्रशिक्षक तिच्याकडे वळला, कारण त्याला समजलं होतं की बोलायचं ते तिच्याशी बोलावं लागणार.

"दुकानात एका ठिपक्याचीही होती," तो म्हणाला. "मी मुद्दाम तीनची मागितली. म्हटलं, कोणीतरी आपल्यासाठी तीनदा बघितलंय."

"काय म्हणाला?" दादाने विचारलं.

तिच्या मनात आलं, सांगावं 'असू दे म्हणतात'. कोण पडताळणार होतं? दादा डोळे मोठे करून तिच्या ओठांकडे बघत होता. तिने प्रशिक्षकाचे शब्द जसेच्या तसे दादाच्या कानात ओरडून सांगितले, 'आपल्यासाठी'सकट. दादाची मान खाली गेली.

"मुलीलाही तसलीच घेऊन दिली," प्रशिक्षक पुढे म्हणाला, आता जरा घाईने, कारण सांगता सांगताच त्याला भान येत होतं. "नऊ वर्षं झाली. ती दुसऱ्या गावी असते, स्पर्धा खेळते. तिला वाटतं माझ्या काडतुसांनी झालं. ती विकतची वापरते, म्हणून निर्धास्त आहे. आज सराव असतो तिचा."

नऊ वर्षं. धारदार कोपऱ्याचं वर्ष अकरा वर्षांपूर्वीचं. पर्समधल्या अहवालाने ती बंदूक कधीच परत आली नसती. तिने हेही दादाला सांगितलं, सगळं, वर्षांसकट. घसा सोलवटला होता.

दादाने मान वर केली. आयुष्यभर तोफखान्यात काढल्यासारख्या आवाजात तो ओरडला, "मग उभी काय राहिलीस? लाव फोन!"

प्रशिक्षकाने आकडे सांगितले, तिने दाबले. बराच वेळ घंटी वाजली. मग एका तरुण बाईचा धापा टाकणारा आवाज आला आणि त्यामागे लांबवर एकामागून एक दोन बार ऐकू आले.

तिने आपण कोण ते सांगितलं. वडील बरे आहेत तेही आधीच सांगितलं. मग म्हणाली, "तुमच्या बंदुकीवर, चापाच्या वर, शिक्क्याशेजारी ठिपके असतील. किती आहेत बघता?"

"बघायला कशाला पाहिजे? तीन आहेत," मुलगी म्हणाली. "बाबांनी मोजूनच घेतली होती. तीनवालीच चांगली असते ना?"

"नाही," ती म्हणाली. इतक्या मोठ्याने म्हणाली की दादालाही ऐकू गेलं.